सारथ्याविना रथ : प्रवाशाच्या भरवशाचा इतिहास

खात्री, श्रद्धा, विश्वास आणि भरवसा हे चार शब्द आपण मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. प्रवासाचा विषय निघाला, की मात्र त्यांच्यातील अंतर जाणवू लागते. खात्री पुराव्यावर उभी असते. श्रद्धेला पुराव्याची अपेक्षा नसते. विश्वास बहुधा माणसावर ठेवला जातो. भरवशाची जात या तिघांहून निराळी आहे. पुरावा अपुरा आहे, मध्येच उतरण्याची सोय नाही आणि तरीही स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे आहे, अशा वेळी माणसाला जो लागतो तो भरवसा. चालत्या वाहनात बसलेला प्रत्येक प्रवासी, त्याला जाणीव असो वा नसो, भरवशावरच बसलेला असतो.

अमेरिकेतील फीनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांत आज चालक नसलेल्या टॅक्सी भाडे घेऊन उतारूंची ने-आण करतात. चालकाची जागा रिकामी असते आणि सुकाणूचे चाक आपले आपण फिरते. अशा गाडीत प्रथमच बसणाऱ्याच्या मनात जी धाकधूक होते, ती कमी कशी करावी, हा त्या कंपन्यांतील अभियंत्यांपुढचा आणि मानसशास्त्रज्ञांपुढचा मोठा प्रश्न आहे. प्रश्न यंत्रयुगाचा वाटला, तरी त्याचा इतिहास बराच जुना आहे. तो थोडक्यात मांडावा आणि त्यातून आजच्या प्रश्नाकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रारंभ आपल्याला परिचित असलेल्या एका कथेपासून करता येईल. नळदमयंतीची कथा मराठी वाचकाला मुख्यतः रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे ठाऊक असते. पण महाभारतातील वनपर्वात तिचा जो उत्तरार्ध येतो, त्यात प्रवाशाच्या भयाचे एक विलक्षण सूक्ष्म चित्रण आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याच्या कानी येते आणि त्याला एका दिवसात विदर्भ गाठावयाचा असतो. त्याचा सारथी बाहुक म्हणजे विरूप झालेला नळ. हा बाहुक अश्वशाळेतून जे घोडे निवडतो, ते दिसायला कृश असतात. राजा साशंक होतो. एवढा पल्ला हे घोडे कसे गाठणार, असे तो विचारतो.

यावर बाहुक काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे तो म्हणत नाही. घोड्यांच्या अंगावरचे भोवरे आणि त्यांची लक्षणे तो राजाला दाखवतो, ते सिंधुदेशचे असल्याचे सांगतो. आणि तरीही राजाच्या मनात दुसरे घोडे असतील, तर तेच जोडीन, असेही म्हणतो. म्हणजे निवडीमागचे कारण उघड करणे आणि नकाराचा अधिकार प्रवाशाकडे ठेवणे, या दोन गोष्टी तो करतो. मग राजा त्याच्या ज्ञानाला मान देऊन निर्णय त्याच्यावर सोपवतो. पुढे रथ इतक्या वेगाने धावतो, की राजाचे उत्तरीय खाली पडते आणि ते आणण्यासाठी थांब म्हणेपर्यंत ते योजनभर मागे पडलेले असते. त्याच रथात नळाचा जुना सारथी वार्ष्णेय बसलेला असतो. हा मातली की शालिहोत्र की साक्षात नळ, असा तर्क तो चालवण्याच्या पद्धतीवरूनच करीत राहतो. भरवसा कसा तयार होतो, याचे तीन मार्ग या एका प्रसंगात आले आहेत : कारण कळणे, नाही म्हणता येणे, आणि जाणत्या त्रयस्थाने पारखणे. पुढच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हेच तीन मार्ग पुन्हा पुन्हा भेटतील.

२

१५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग सुरू झाला, आणि उद्घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद 'रॉकेट' या इंजिनाखाली सापडून मृत्यू पावले. आगगाडीने प्रवाशाला दिलेले भय घोडागाडीच्या भयाहून वेगळ्या जातीचे होते. घोडागाडीत चालक डोळ्यांसमोर असतो, हाक मारली तर ऐकतो, घोडा बुजला तर तो बुजल्याचे दिसते. आगगाडीत इंजिन दूर, चालक अदृश्य, समोरचा मार्ग दिसत नाही. दिसते ती फक्त खिडकीबाहेर मागे पळणारी जमीन. जर्मन इतिहासकार वोल्फगांग शिवेलबुश यांनी आगगाडीच्या प्रवासावर १९७७ साली लिहिलेल्या ग्रंथात या बदललेल्या अनुभवाची तपशीलवार चर्चा केली आहे. प्रवासी हा प्रवासाचा साक्षी न राहता पाठवलेल्या मालासारखा झाला, ही तक्रार एकोणिसाव्या शतकात अनेकांनी केली होती.

आरंभीच्या कंपन्यांनी प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी योजलेला उपाय चमत्कारिक होता. ते डब्यांना बाहेरून कुलूप लावीत. घाबरलेल्या माणसाने धावत्या गाडीतून उडी मारू नये, हा हेतू. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणारी गाडी रुळांवरून घसरली, डब्यांना आग लागली, आणि कुलूपबंद डब्यांतले उतारू बाहेर पडू शकले नाहीत. दक्षिण ध्रुवप्रदेशाचा संशोधक द्युमाँ द्युर्व्हिल आपल्या पत्नी-पुत्रासह त्यात गेला. इंग्लंडमध्ये सिडनी स्मिथ या विनोदी धर्मोपदेशकाने या निमित्ताने वृत्तपत्रातून पत्रे लिहून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कुलपांवर कठोर उपहास केला. त्याच्या म्हणण्याचे सार असे, की प्रवाशाला मूर्ख समजून त्याचे रक्षण करणारी व्यवस्था शेवटी त्यालाच मारते. फ्रान्सने ती कुलपे काढली. प्रवाशाचे भय म्हणजे अडाणीपणा, त्याला आवरले की पुरे, ही समजूत अशी पहिल्यांदा उघडी पडली.

दुसरी घटना १८६४ सालची. ९ जुलैच्या रात्री लंडनच्या गाडीत पहिल्या वर्गाच्या डब्यात एका बँक-अधिकाऱ्याचा खून झाला. डबे एकमेकांना जोडलेले नव्हते, आतून हाक मारण्याची सोय नव्हती. शेजारच्या डब्यातल्यांना काही कळले नाही. या खुनाने इंग्लंडभर जी भीती पसरली, तिच्यातून १८६८ चा कायदा झाला. वीस मैलांहून अधिक अंतर न थांबता जाणाऱ्या गाडीत उतारू आणि गाडीचे कर्मचारी यांच्यात संपर्काचे साधन असलेच पाहिजे, असे त्यात ठरले. विनाकारण ते वापरणाऱ्याला पाच पौंडांपर्यंत दंडही त्याच कलमात होता. आपल्या गाड्यांतील धोक्याची साखळी ही याच कल्पनेची वंशज. साखळीखालची दंडाची सूचना न वाचलेला मराठी माणूस विरळा. १९८९ च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमातही ती दंडाची तरतूद आहे. साखळी क्वचितच ओढली जाते. पण ती डोक्यावर लोंबत असते, म्हणून रात्रीच्या प्रवासात झोप लागते. वापरण्यासाठी नव्हे, तर असण्यासाठी असलेला अधिकार, असे तिचे वर्णन करता येईल.

मुंबईकडे पाहता १६ एप्रिल १८५३ ही तारीख अर्थातच आठवते. बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीत चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित होते. तोफांची सलामी झाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने ती ओढीत होती. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या, लोकांच्या आदरास पात्र असलेल्या गृहस्थांचे नाव या उपक्रमाशी जोडलेले होते, ही बाब भरवशाच्या दृष्टीने लहान नाही. यंत्र कळत नसले, तरी यंत्रामागचा माणूस ओळखीचा असला की पाऊल पुढे पडते. बैलावाचून गाडी चालते कशी, हे आश्चर्य त्या काळच्या लोकगीतात उतरले, आणि भाषेने 'आगगाडी' हा शब्द घडवला. या शब्दात भय आणि परिचय शेजारी शेजारी बसले आहेत. आग ही नवी आणि भीतिदायक. गाडी ही घरची, बैलांची, ओळखीची. नवे यंत्र जुन्या नामाला जोडून भाषा ते माणसाळवते.

३

भय हे नेहमी अज्ञानातूनच येते काय? साहित्याच्या अभ्यासकांना येथे चार्ल्स डिकन्सची आठवण होणे स्वाभाविक आहे. ९ जून १८६५ रोजी केंट परगण्यातील स्टेपलहर्स्ट येथे एका छोट्या पुलावर दुरुस्तीसाठी रूळ काढलेले असताना गाडी आली. मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते. लाल निशाण घेऊन एक हजार यार्डांवर उभे राहावयाचा माणूस ५५४ यार्डांवरच उभा होता. दहा माणसे मेली. डिकन्सचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. तो खाली उतरला, जखमींना पाणी आणि ब्रँडी देत फिरला, आणि मग पुन्हा डब्यात चढून 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीच्या हस्तलिखिताचा भाग घेऊन आला. त्यानंतर मात्र प्रवासात त्याला अचानक भयाचे झटके येत. साध्या घोडागाडीतही ते येत, असे त्याने लिहून ठेवले आहे. दुसऱ्या वर्षी त्याने 'द सिग्नलमन' ही कथा लिहिली. अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली, त्याच तारखेला तो मृत्यू पावला.

डिकन्सचे भय अडाण्याचे नव्हते, माहीतगाराचे होते. गाडीची सुरक्षितता एका मुकादमाच्या वाचनावर आणि एका निशाणवाल्याच्या चालण्यावर टांगलेली आहे, हे त्याने पाहिले होते. अशा भयाला गोड बोलून घालवता येत नाही. त्याचे कारणच घालवावे लागते. ते कार्य चौकशी-अहवालांनी केले. ब्रिटनमध्ये १८४० पासून रेल्वेवर सरकारी निरीक्षक होते. ते अपघातस्थळी जात, कंपनीच्या माणसांना प्रश्न विचारीत, आणि त्यांचे अहवाल छापले जात. १८८९ साली आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचे सुटे झालेले डबे उतारावरून मागे घसरून सुमारे ऐंशी माणसे मेली, तेव्हा त्याच वर्षी कायदा करून प्रत्येक प्रवासी गाडीला सलग स्वयंचलित ब्रेक सक्तीचा झाला. या ब्रेकची युक्ती अशी, की नळी तुटली किंवा डबे सुटले तर ब्रेक आपोआप लागतात. बिघाडाचा शेवट थांबण्यात व्हावा, धावत सुटण्यात नव्हे, हे तत्त्व त्यात आहे.

भारतात रेल्वेच्या अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहेत. व्यवस्था विचित्र दिसते, पण तिच्यामागचा विचार साधा आहे : ज्याची गाडी, त्यानेच तिचा न्याय करू नये. वार्ष्णेयाची भूमिका येथे संस्थेने घेतली आहे.

४

चालकाविना चालणाऱ्या वाहनाचा प्रश्न मोटारीच्या कितीतरी आधी लिफ्टच्या संदर्भात उभा राहिला, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात एलिशा ओटिस हा उंचावलेल्या पाळण्यावर स्वतः उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापवला. पाळणा किंचित खाली येऊन अडकला. दोराचा ताण सुटताच कमान पसरून दातेरी पट्ट्यात रुतावी, अशी ती रचना होती. तत्त्व तेच, बिघाडाचा शेवट थांबण्यात. १८५७ साली ब्रॉडवेवरील हॉवटच्या दुकानात त्याची उतारूंसाठीची पहिली लिफ्ट बसली. शोध जितका महत्त्वाचा, तितकेच ते नाट्य महत्त्वाचे होते. शोधकाने आधी स्वतःचा जीव पणाला लावला आणि मग दुसऱ्याला आत बोलावले.

बटणावर चालणारी लिफ्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली होती. तरी मोठ्या इमारतींतून लिफ्टमन पुढे अर्धशतक टिकला. सप्टेंबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे पंधरा हजार लिफ्टचालकांनी व इतर इमारत-कामगारांनी संप केला आणि शहर अक्षरशः जमिनीवर आले. त्यानंतर मालकांचा कल स्वयंचलित लिफ्टकडे वळला. १९५० च्या दशकात ती पसरली. उतारूंचे भय घालवण्यासाठी लिफ्टमध्ये दूरध्वनी आला, थांबवण्याचे लाल बटण आले, शांत स्वरातल्या ध्वनिमुद्रित सूचना आल्या. साखळीच पुन्हा एकदा बटण होऊन आली, असे म्हणता येईल.

मुंबईत लिफ्टमन अजूनही भेटतो. फोर्टमधील जुन्या इमारतींत जाळीच्या दरवाज्याशी स्टुलावर बसलेला हा माणूस तांत्रिक दृष्टीने कित्येकदा अनावश्यक असतो; बटण कोणालाही दाबता येते. पण तो कोण कुठल्या मजल्यावर राहते हे जाणतो, वृद्धांना हात देतो, लिफ्ट अडकली तर ओरडणारा पहिला आवाज त्याचा असतो. मात्र लिफ्टवरचा भरवसा त्याच्यावरच सोडलेला नव्हता. मुंबई प्रांतात १९३९ सालीच लिफ्टविषयक कायदा होऊन परवाना आणि तपासणी आवश्यक ठरली; २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्याची जागा घेतली. स्टुलावरचा माणूस आणि भिंतीवरचा परवाना, असे भरवशाचे दोन खांब होते. पहिला गेला तरी चालले, कारण दुसरा उभा होता.

रेल्वेनेही हाच क्रम गिरवला. १९६८ साली लंडनची व्हिक्टोरिया मार्गिका सुरू झाली, तेव्हा दोन स्थानकांमधला प्रवास यंत्र करी. कक्षात बसलेला कर्मचारी दारे बंद करून दोन बटणे दाबण्यापुरता होता. १९८७ मध्ये लंडनच्याच डॉकलँड्स रेल्वेने पुढचा कक्षच काढला, पण गाडीत फिरणारा एक कर्मचारी ठेवला. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० रोजी भारतातील पहिली चालकविरहित गाडी धावली, तेव्हाही आरंभी गाडीत कर्मचारी ठेवलेले होते. यंत्र आले की माणूस एकदम जात नाही. तो आधी बाजूला सरकतो, मग मागे, मग पडद्याआड. प्रवाशाचे मन तेवढ्या काळात तयार होते.

५

आता चालकविरहित मोटारीकडे वळू. गूगलने हा प्रकल्प २००९ साली हाती घेतला. पुढे त्याची 'वेमो' ही कंपनी झाली. २०१४ मध्ये त्यांनी जी लहानशी गाडी दाखवली, तिला सुकाणूही नव्हते आणि पायाखालच्या कळाही नव्हत्या. तिचा पुढचा भाग हसऱ्या, निरागस चेहऱ्यासारखा होता, हा योगायोग नव्हे. २०१५ मध्ये ऑस्टिन शहरात एका अंध गृहस्थांनी तीत एकट्याने प्रवास केला. या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहिलेल्या माणसाला रिकामी चालकाची जागा भीतिदायक नव्हे, मुक्तिदायक वाटू शकते. आणि १८६४ च्या त्या डब्यात भय यंत्राचे नव्हते, सोबतच्या माणसाचे होते, हेही विसरून चालणार नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये फीनिक्स परिसरात ही सेवा चालकाविना सर्वांसाठी खुली झाली. या गाड्यांत उतारूंसमोर पडदा असतो. गाडीला भोवतालची कोणती वाहने, कोणती माणसे दिसत आहेत, ती कोणत्या मार्गाने जाणार आहे, हे त्यावर उमटत राहते. गाडी रस्त्याच्या कडेला घेण्याची आणि मदतनिसाशी बोलण्याची सोय असते. बाहुकाने घोड्यांचे भोवरे दाखवले तो पडदा, आणि साखळी ते बटण. जुनी साधने नव्या वेषात येथे आलेली वाचकांच्या लक्षात येतील.

परंतु एक मूलभूत फरक आहे, आणि लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. भरवसा निर्माण करण्याचे साधन आणि भरवशास पात्र असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१४ साली वेट्झ, हीफनर आणि एप्ली या अमेरिकन संशोधकांनी आभासी मोटारीत बसवून काही लोकांची परीक्षा घेतली. एकाच प्रकारे चालणाऱ्या गाडीला 'आयरिस' हे नाव, स्त्रीत्व आणि आवाज दिला, तेव्हा लोकांनी तिच्यावर अधिक भरवसा टाकला. गाडी तीच, तिचे कसब तेच. वाढला तो केवळ भरवसा. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. अचेतनाला चेतन करणे हा तर आपला जुना अलंकार. पण काव्यात चेतनगुणोक्ती रस निर्माण करते. रस्त्यावर ती सावधगिरी कमी करते.

आणि सावधगिरी कमी झाल्याचे परिणाम नोंदलेले आहेत. मे २०१६ मध्ये फ्लॉरिडात एक टेस्ला मोटार तिच्या सहायक यंत्रणेवर चालत असताना आडव्या आलेल्या ट्रकवर आदळून चालक मृत्यू पावला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चालकाचे यंत्रावर अतिरिक्त विसंबणे हे एक कारण म्हणून नोंदवले. १८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोनातील टेंपी येथे उबरच्या चाचणी-गाडीने सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला ठार केले. मंडळाच्या चौकशीत असे दिसले, की गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या साडेपाच सेकंद आधीच जाणवली होती. पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचा निर्णय यंत्रणा बदलत राहिली. मूळ मोटारीतील तातडीची ब्रेक-व्यवस्था त्या वेळी बंद ठेवलेली होती, आणि देखरेखीसाठी बसलेली व्यक्ती मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती. त्या महिलेचा या वाहनाशी काही करार नव्हता. ती उतारू नव्हती, तिचा भरवसा कोणी मागितलाही नव्हता. उतारूची चिंता शमवण्याच्या चर्चेत रस्त्यावरच्या माणसाची चिंता सहसा येत नाही, हे फार महत्त्वाचे वैगुण्य आहे.

२ ऑक्टोबर २०२३ ची सॅन फ्रान्सिस्कोमधील घटना अधिक बोलकी आहे. माणसाने चालवलेल्या एका मोटारीने एका महिलेला धडक देऊन क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे फेकले. ती गाडी तिला धडकली, थांबली, आणि मग 'सुरक्षितपणे' कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली. महिला खाली अडकलेली होती. ती सुमारे वीस फूट फरपटत गेली. बिघाडाचा शेवट थांबण्यात व्हावा, हे तत्त्व येथे शब्दशः पाळले गेले आणि अर्थतः मोडले. त्याहून गंभीर बाब पुढे घडली. फरपटीची माहिती कंपनीने अधिकाऱ्यांना पुरेशा स्पष्टपणे दिली नाही. कॅलिफोर्नियाच्या मोटार-वाहन विभागाने २४ ऑक्टोबरला तिचे परवाने स्थगित केले. केंद्रीय चौकशीत खोटा अहवाल दिल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य करून पाच लाख डॉलर दंड भरला. त्याच वर्षी डिसेंबरात जनरल मोटर्सने तिच्या टॅक्सी-सेवेला पैसा पुरवणे थांबवले. ही कंपनी बुडाली ती केवळ यंत्राच्या चुकीने, असे म्हणता येत नाही. यंत्राची चूक कदाचित क्षम्य ठरली असती. लपवणूक ठरली नाही.

६

महाभारतात आणखी एक सारथी आहे : शल्य. कर्णपर्वात दुर्योधन त्याला कर्णाचे सारथ्य करावयास विनवतो. सारथ्यकर्मात तो कृष्णाच्या तोडीचा मानला गेला आहे. त्याच्या कौशल्याविषयी कोणालाच शंका नाही. पण त्याने आधीच युधिष्ठिराला वचन दिलेले असते, की कर्णाचा तेजोभंग करीन. रथ उत्तम चालतो आणि रथी आतून खचत जातो. बाहुक आणि शल्य यांच्यातला भेद कसबाचा नाही, निष्ठेचा आहे. सारथी कुशल आहे काय, हा भरवशाचा पहिला प्रश्न. तो कोणाचा आहे, हा दुसरा.

आजच्या चालकविरहित गाडीविषयी पहिल्या प्रश्नाची उत्तरे आकडेवारीतून येत राहतील, आणि ती कदाचित माणसापेक्षा सरस असतील. माणूस झोपतो, मद्य घेतो, मोबाइल पाहतो. यंत्र यांपैकी काही करीत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाला पडद्यावरची चित्रे उत्तर देऊ शकत नाहीत, गोड आवाज तर मुळीच नाही. त्याचे उत्तर उघड अहवालांत, स्वतंत्र निरीक्षकांत आणि परवाना काढून घेण्याच्या अधिकारात असते. एकोणिसाव्या शतकाला हे समजायला व्हर्साय, स्टेपलहर्स्ट आणि आर्मा एवढी किंमत द्यावी लागली.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली, आणि नंतरही, चालकविरहित मोटारींना आपण येथे परवानगी देणार नाही असे सांगितले, ते मुख्यतः चालकांच्या रोजगाराच्या कारणाने. या भूमिकेशी सहमत व्हावे वा न व्हावे. पण तिच्यात एक गोष्ट मान्य केलेली आहे. सारथी हा केवळ वाहनाचा एक सुटा भाग नव्हे, तो एक माणूस आहे आणि त्याच्यामागे घर आहे. न्यूयॉर्कच्या लिफ्टचालकांच्या बाबतीत हा हिशोब कोणी फारसा मांडला नव्हता.

कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि आत्म्याला रथी म्हटले आहे. रथी स्वतः लगाम धरीत नाही, आणि तरीही रथ त्याचाच असतो. प्रवाशाचे भय शमवण्याचा जो कोणी उद्योग करील, त्याने हे रूपक ध्यानात ठेवावे. लगाम सोडणाऱ्याला नुसती निश्चिंतता देऊन भागत नाही. कारण विचारण्याचा, थांबवण्याचा आणि चूक झाल्यास खरे ऐकण्याचा त्याचा हक्क शाबूत ठेवावा लागतो. हे तिन्ही हक्क जेथे आहेत, तेथे थोडीशी भीती उरली तरी बिघडत नाही. ती जागेपणाची खूण आहे. जेथे ते नाहीत, तेथे उतारूला लागलेली गाढ झोप हीच चिंतेची बाब समजावी.